दोस्तीची कलमे

परवा नवरात्रात माझा पुतण्या साताऱ्याहून एस.टी.ने सांगलीस आला. मुलगा हुशार आहे. पुढच्या शिक्षणासाठी त्याला बँकेचे कर्ज काढावयाचे होते आणि त्या कर्जाला एक जामीनदार हवा होता. चहाचा कप अजून हातात होता, तोच त्याने पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "काका, तुम्ही फक्त सही करायची. बाकी काही नाही."

"फक्त सही" हे दोन शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. "ठेव कागद. दिवाळीला साताऱ्याला येतोच आहोत, तेव्हा घेऊन येतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पोराचा चेहरा उतरला. स्वयंपाकघराच्या दारातून सौभाग्यवतीने माझ्याकडे जे पाहिले, त्याचे वर्णन येथे न केलेले बरे.

माझी अडचण पैशाची नव्हती. ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची आहे. माझे वडील साताऱ्यास शाळामास्तर होते. त्यांनी घर बांधावयास काढले, तेव्हा पतपेढीच्या कर्जाला माझे मामा जामीन राहिले. मामांना त्यापायी कधी एक पैसा भरावा लागला नाही; वडिलांनी एकही हप्ता चुकविला नाही. पण त्या सहीनंतर आमच्या घरात एक नवाच कायदा सुरू झाला. जिना कोणत्या बाजूने काढायचा? मामांना विचारा. मी सायन्सला जायचे की आर्ट्‌सला? मामांना विचारा. मी आर्ट्‌सला गेलो, हे त्यांना कधीच मनापासून रुचले नाही. पुढे माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न निघाले. आत्याच्या ओळखीतले स्थळ होते. वडिलांनी बैठक ठरविली आणि मामांना कळविले ते नंतर. मामा आले, पाटावर बसले नाहीत, उभ्या उभ्याच म्हणाले, "दाजी, जामीन राहायला मी, आणि सोयरीक जुळवायला दुसरे?"

लग्न झाले. मामा आले नाहीत. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. ते काम शेजारच्या एका गृहस्थांनी केले. आई त्या वेळी अक्षता हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी होती, एवढे मला स्पष्ट आठवते.

तेव्हा जामीन म्हणजे काय, हे मी कोणत्याही पुस्तकाआधी घरातच शिकलो होतो.

* * *

मी मराठीचा प्राध्यापक, इतिहासाचा नव्हे. पण पेशवाईअखेरचे गद्य शिकवायचे म्हटले की तहनाम्यांशी गाठ पडतेच. आजकाल वर्तमानपत्र उघडावे तो कोणता देश कोणाच्या छत्राखाली, कोणी आपल्या रक्षणासाठी किती खर्च करावा, कोणी कोणाला तळ द्यावा, याचीच चर्चा असते. मागे एकदा वर्गात एका मुलीने विचारले, "सर, बलाढ्य देश लहान देशाला म्हणतो, तुझे रक्षण मी करतो. मग त्याला बदल्यात नेमके हवे तरी काय असते?"

प्रश्न सरळ होता. मी म्हटले, "त्यासाठी लांब कशाला जायचे? सातारा इथून तीन तासांवर आहे."

वाचकहो, सुरुवात मात्र साताऱ्याची नव्हे, वसईची. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला. कंपनीने पेशव्यांच्या रक्षणासाठी निदान सहा हजार पायदळ कायमचे ठेवायचे आणि त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लावून द्यायचा. रखवालदाराचा पगार भागविण्यासाठी घरातल्या खोल्याच त्याच्या नावे लिहून द्याव्यात, तसला हा प्रकार. शिवाय परराज्यांशी बोलायचे ते इंग्रजांना विचारून. पुढे पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला हीच दोस्त मंडळी समोरासमोर उभी राहिली आणि त्यानंतर काही महिन्यांतच पेशवाई संपली.

फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशव्यांच्या छावणीतले छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. या तहाची कलमे मी माझ्या भाषेत सांगतो. कंपनीने राज्याचे सर्व शत्रूंपासून रक्षण करावे. महाराजांनी कंपनीच्या फौजेला दाणापाणी विकत घेण्याची सोय करून द्यावी आणि लष्कराच्या जनावरांसाठी धरलेली कुरणे कायमची सोडून द्यावीत. लढाई उभी राहिली तर आपल्या सर्व बळानिशी मदत करावी. कंपनीच्या संमतीवाचून आपली फौज वाढवू नये आणि कमीही करू नये. आणि परक्या सत्तेशी, सरदाराशी, जहागीरदाराशी, आपल्या अमलाखाली नसलेल्या कोणाही माणसाशी पत्रव्यवहार करू नये. घरातल्या सोयरिकीसाठी बाहेर बोलणे करावे लागले, तर तेदेखील कंपनीच्या एजंटामार्फतच! हे कलम तहाचा पाया समजावा; ते मोडले तर तहाचे सारे लाभ गेले.

सोयरिकीचे हे वाक्य मी प्रथम वाचले, तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मला मामा आठवले.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर या एका तहात जवळजवळ संपूर्ण सापडते. रक्षण करणाऱ्याला वाट हवी असते, तळ हवा असतो, चारा हवा असतो. तुमचे सैन्य किती असावे, हे ठरविण्याचा हक्क हवा असतो. त्याच्या लढाईत तुमची माणसे हवी असतात. तुम्ही दुसऱ्या कोणाशी कुजबुजू नये, असे त्याला वाटते. आणि एक गोष्ट कोणत्याच कलमात लिहिलेली नसते, पण ती सर्वांत मोठी असते: त्याला तुमची कृतज्ञता हवी असते, आणि ती किती पुरेशी हे तोच ठरवितो.

प्रतापसिंह महाराज कर्तबगार होते. पहिली काही वर्षे कॅप्टन ग्रँट डफने कारभार पाहिला. १८२२ साली तो महाराजांच्या हाती आला. त्यांनी रस्ते बांधले, शाळा काढली, ग्रंथांचा संग्रह केला. त्यांच्या कारभारावर लंडनचे डायरेक्टर इतके खूष झाले, की १८३५ च्या अखेरीस त्यांनी महाराजांसाठी गौरवाचे पत्र आणि मानाची तलवार धाडण्याचे ठरविले. आणि एक वर्षही उलटले नाही तोच, १८३६ साली, महाराजांवर आरोप आला: त्यांनी कंपनीच्या देशी अंमलदारांना फितविण्याचा प्रयत्न केला. मागोमाग आणखी दोन आले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार, आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान. तिन्ही आरोपांचे मूळ एकच: तुम्ही दुसऱ्या कोणाशी बोललात!

यामागे आणखी एक कुरबूर होती. साताऱ्याच्या मांडलिक जहागिरी बेवारस झाल्या तर त्या कोणाकडे जायच्या, यावरून महाराज आणि मुंबई सरकार यांचा वाद चालला होता. महाराज तहाचा कागद दाखवून आपला हक्क सांगत होते. मुंबई सरकार त्याच कागदाचा वेगळा अर्थ लावीत होते. कागद एक, अर्थ दोन, आणि न्यायाधीश मात्र दोहोंपैकी एक पक्षच.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. आरोप कबूल केल्याच्या अर्थाच्या कागदावर महाराजांनी सही करावी, म्हणजे गादी राहील, असे त्यांनी सुचविले. म्हणजे पुन्हा "फक्त सही"! महाराजांनी नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले आणि पुढे काशीस नेण्यात आले. तेथेच १८४७ च्या ऑक्टोबरात त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन १८५३ पर्यंत, जवळजवळ चौदा वर्षे, दाद मागत राहिले. जॉर्ज थॉम्प्सनसारखे काही सज्जन इंग्रज त्यांच्या बाजूने बोललेही. पण निकाल फिरला नाही.

येथे कोणी म्हणेल, की महाराजांनी थोडे नमते घ्यावयास हवे होते. नमते घेतल्याने काय झाले असते, हेही साताऱ्यानेच पाहिले आहे. महाराजांच्या मागून त्यांचे बंधू शहाजी उर्फ अप्पासाहेब गादीवर आले. ते इंग्रजांच्या मर्जीतले. त्यांनी सतीची चाल बंद केली, लोकोपयोगी कामे केली, कंपनीशी कधी वाकडे धरले नाही. ५ एप्रिल १८४८ रोजी ते वारले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तक मान्य करावा असे होते. पण लॉर्ड डलहौसीने ते मानले नाही आणि सातारा खालसा झाले. न वाकणारा भाऊ गेला आणि वाकणारा भाऊ गेल्यावर राज्यही गेले. तेव्हा दोष वाकण्यात वा न वाकण्यात नव्हता. तहाचा अर्थ लावणारा तिसरा कोणी नव्हता, हा खरा दोष होता.

* * *

आता सांगलीची गोष्ट. माझी नोकरी सांगलीत असल्यामुळे मी तिची बाजू घेतो असा आरोप माझे सातारकर भाऊबंद करतील. तो मी आधीच मान्य करून टाकतो.

सांगली संस्थानचे पहिले अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन. मिरजेहून विभक्त होऊन त्यांनी १८०१ च्या सुमारास कृष्णाकाठी सांगली वसविली. आपले गणपतीचे देऊळ त्यांचेच, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांकडून 'सीता स्वयंवर' करवून घेणारेही तेच. पण हा गृहस्थ मुळात शिपाईगडी. १८०० साली धोंड्या वाघाशी झालेल्या लढाईत त्यांचे सहकारी धोंडोपंत गोखले ठार झाले आणि चिंतामणराव स्वतः जखमी झाले होते. पेशवाई बुडाल्यावर इतर पटवर्धनांप्रमाणे त्यांच्यापुढेही कंपनीचा करार आला: जहागीर ठेवा, पण बोलावू तेव्हा ठरलेले घोडेस्वार घेऊन चाकरीस या.

चिंतामणरावांनी स्वारांची चाकरी मानली नाही. त्याऐवजी त्यांनी सुमारे १ लाख ३५ हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख सोडून दिला. जुनी हुबळी आणि तिच्या आसपासची गावे त्यातच गेली. पेशव्यांपुढे म्यान झालेली तलवार दुसऱ्या धन्यासाठी उपसायची नाही, असा त्यांचा बाणा होता, असे सांगलीत सांगतात. मला त्यात बाण्याइतकाच हिशेबही दिसतो. मुलूख एकदा जातो आणि प्रश्न मिटतो. स्वार मात्र दर वर्षी जातात, कोणत्या लढाईवर जायचे ते दुसरा ठरवितो, आणि किती परत येतील हे कोणीच सांगू शकत नाही.

अर्थात ही काही निव्वळ स्वाभिमानाची कथा नाही. पुढे कोल्हापूरकडील गडबडीत चिंतामणरावांनी इंग्रजांस साह्य केले आणि १८४६ साली कंपनीने त्यांनाही मानाची तलवार दिली. कंपनीकडे अशा तलवारींचा तुटवडा नव्हता. सांगलीचे संस्थान टिकले, यात काळाचाही वाटा आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी दत्तकाचे धोरण बदलले. म्हणून १९०१ साली सांगलीचे अधिपती वारल्यावर संस्थान खालसा न होता १९०३ मध्ये दत्तक गादीवर बसले. सातारा गेले १८४८ साली. सांगली मुंबई राज्यात विलीन झाली ८ मार्च १९४८ रोजी. पण दोस्ताला काय द्यायचे नाही हे ज्याने पहिल्याच दिवशी सांगितले, त्याला पुढे ते शंभरदा सांगावे लागले नाही, एवढे मात्र खरे.

आणि माणसे देणे म्हणजे काय, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी साताऱ्याजवळच्या अपशिंग्यास जावे. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसे कामास आली. इंग्रजांनी तेथे स्मारकाचा दगड बसविला. मराठा पलटणी त्या युद्धात मेसोपोटेमियात लढल्या. एप्रिल १९१६ मध्ये कूत पडले, तेव्हा तेथे वेढ्यात मराठे होते. त्या युद्धाचे कारण अपशिंग्याच्या कोणत्या बांधावर उगवले होते?

* * *

स्वतंत्र भारतापुढे हाच प्रश्न आला, तेव्हा त्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी याच दोन जिल्ह्यांच्या सुपुत्रावर पडली, हा योगायोगच. यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्र्याचा, ते आज सांगली जिल्ह्यात. आणि त्यांची कर्मभूमी कराड, ते साताऱ्यात. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणात ते संरक्षणमंत्री झाले. त्या संकटात अमेरिकेची आणि ब्रिटनची शस्त्रे आली, हे उपकारच होते. पण शस्त्रांमागोमाग पाहुणेही आले. अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे सँडिस यांनी आग्रह धरला, की आता पाकिस्तानशी काश्मीरविषयी बोला. डिसेंबर १९६२ पासून मे १९६३ पर्यंत स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्या सहा फेऱ्या झाल्या. निष्पन्न काही झाले नाही. परंतु मदत आणि सल्ला एकाच टपालाने येतात, हे सर्वांच्या लक्षात आले.

१९६४ च्या मे महिन्यात यशवंतराव अमेरिकेस गेले. आपल्याला एफ-१०४ जातीची लढाऊ विमाने हवी होती. ती मिळाली नाहीत. ते तिकडे असतानाच २७ मे रोजी पंडितजी गेले आणि त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी ते मॉस्कोलाही गेले आणि मिग विमानांचा व्यवहार पक्का झाला. ती विमाने नुसती विकत घ्यावयाची नव्हती, येथे बनवावयाचीही होती. आपल्या नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना त्यातूनच उभा राहिला. एकाच दाराशी उभे राहावयाचे नाही, आणि मासा घेण्याबरोबर जाळे विणावयासही शिकावयाचे, असा तो धडा होता.

ज्यांनी एकाच दारावर भिस्त ठेविली, त्यांचेही झाले ते पाहावे. पाकिस्तान १९५४ आणि १९५५ साली पाश्चात्त्य करारांत शिरले. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रे थांबविली. दोस्ताला वाटले होते, करार आपल्या शत्रूविरुद्ध आहे. करार करणाऱ्याच्या मनात शत्रू वेगळाच होता. आपण ९ ऑगस्ट १९७१ रोजी रशियाशी जो करार केला, त्यातही कोणी कोणासाठी सैन्य पाठविण्याचे वचन नव्हते. संकट आले तर ताबडतोब एकमेकांशी विचारविनिमय करू, असे नवव्या कलमात होते. पण काय आहे आणि काय नाही, हे दोघांना ठाऊक होते. त्या वर्षी तेवढे पुरले.

आजच्या 'नाटो'चेच घ्या. १९४९ साली बारा राष्ट्रांनी तो करार केला. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, हे त्याचे पाचवे कलम प्रसिद्ध आहे. पण तेच कलम पुढे म्हणते, की प्रत्येकाने आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करावी. हे कलम प्रथम लागू झाले सप्टेंबर २००१ मध्ये, आणि गंमत अशी, की संरक्षण देणाऱ्या अमेरिकेसाठी! युरोपची पोरे अफगाणिस्तानात गेली. उलट अमेरिकेची तक्रार जुनीच आहे, की छत्री आमची आणि ओझे उचलताना तुम्ही मागे. २०१४ साली सभासदांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के संरक्षणावर खर्चण्याकडे वाटचाल करण्याचे ठरविले. २०२५ साली हेगच्या बैठकीत २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचे वचन दिले.

अमेरिकेची ती तक्रार मी वाचली आणि प्रथमच मामांच्या बाजूने विचार केला. वडिलांनी हप्ता चुकविला नाही, हे खरे. पण तो चुकला असता तर मामांचे घर गेले असते. ती दहा वर्षे मामांना रात्री झोप कशी लागत होती, हे आमच्यापैकी कोणी त्यांना विचारले होते काय? जामीन राहणाऱ्याच्या अपेक्षा सगळ्याच लोभाच्या नसतात. काही भीतीच्या असतात. फक्त त्या आधी बोलून दाखवायच्या असतात, मांडवाच्या दारात नव्हे.

* * *

मामा दोन वर्षे भाऊबिजेला आले नाहीत. तिसऱ्या वर्षी आईच ताट घेऊन एस.टी.ने कराडला त्यांच्या घरी गेली. कोणी कोणाची माफी मागितली नाही. मामांनी ओवाळून घेतले आणि विचारले, "पोरगी सुखात आहे ना?" आई म्हणाली, "आहे." तेथे तह झाला.

पुतण्याचे कागद या क्षणी माझ्या टेबलावर आहेत. हा लेख संपला की मी सही करणार आहे. त्यासोबत एक चिठ्ठी ठेवणार आहे. तिच्यात तीन कलमे आहेत. पहिले: हप्ता चुकेल असे वाटले, तर बँकेआधी मला सांगायचे. दुसरे: तू काय शिकतोस, कोठे राहतोस, कोणाशी लग्न करतोस, यांपैकी काहीही या सहीच्या आधारे मी विचारणार नाही. काका म्हणून विचारीन, तो हक्क वेगळा. तिसरे: आपला वाद झालाच तर निकाल तुझी आत्या देईल, आणि तो दोघांनी मानायचा.

आत्याला फोन करून विचारले. तिने पंचकी मान्य केली आहे. म्हणाली, "चालेल. पण याच्या लग्नात मामा म्हणून जो कोणी असेल, त्याला आधी बोलवा म्हणजे झालं!"